विजेची पेटी

“त्र्यंबकराव, मूठ उजव्या हातात घट्ट धरा,” लिनो डॉक्टर म्हणाला, “आणि डाव्या हाताने बाईंचा लुळा हात धरा.”

त्र्यंबकने पितळी मूठ आवळली. तिच्याभोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं होतं आणि तिची तार लाकडी पेटीत गेली होती. तशीच दुसरी मूठ त्याच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या, डाव्या हातात होती. डॉक्टरने पेटीची कळ फिरवली. त्र्यंबकच्या पंजापासून खांद्यापर्यंत मुंग्या चढत गेल्या आणि शेजारी मंदाकिनी “अगं बाई!” करून दचकली.

ही व्यवस्था त्र्यंबकच्याच हट्टाने झाली होती. महिन्यापूर्वी मंदाकिनीचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. वैद्याचे लेप झाले, काढे झाले, देवाला नारळ झाला. शेवटी तिने विजेच्या पेटीचा ध्यास घेतला. आजारी हातात मूठ धरवत नाही, ती डॉक्टरला टेकवून धरावी लागेल, असं कळताच त्र्यंबक कडाडला होता, “परपुरुषाचा हात माझ्या बायकोला लागायचा नाही!”

“मग तुम्ही मध्ये बसा,” लिनो शांतपणे म्हणाला होता. “वीज तुमच्यातून त्यांच्यात जाईल.”

हे त्र्यंबकला फार पटलं. वीज झाली तरी ती नवऱ्याकडूनच यायला हवी.

पण बंदोबस्त केला म्हणून मत्सर थोडाच जातो? लिनो ठाण्याच्याच ख्रिस्ती वाडीतला, मुंबईत शिकून आलेला, तरणाबांड, कडक इस्त्रीचा. त्याने मंदाकिनीला कधी बोटसुद्धा लावलं नाही, आणि त्र्यंबकला त्याचाच जास्त संशय येई. एकदा पेटी आवरताना लिनो म्हणाला, “याच विजेने मुंबईत पितळेच्या चमच्यांवर चांदी चढवतात.” मंदाकिनी खुदकन हसली. घरी ती तशी कधी हसली होती? त्या हसण्याने त्र्यंबकचं दोन दिवस जेवणावरचं लक्ष उडालं.

मग त्याला मागचं एकेक आठवू लागलं. दिवाळीनंतरची गोष्ट. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं होत आलेली, समारंभापायी कचेरीत लिहिण्याचं काम दुप्पट झालेलं. ओळीच्या मध्येच त्याची बोटं आखडायची. बाहेर त्याने कळू दिलं नाही. तो मजकूर तोंडाने सांगायचा आणि हाताखालचा धोंडीबा उतरवून घ्यायचा. कारकुनाची भाकरी अक्षरावर, साहेबाला सुगावा लागला असता तर संपलंच. तेव्हा मंदाकिनी वाढता वाढता म्हणाली होती, “इकडून एकदा लिनो डॉक्टरांकडे जावं.”

“त्या पोराकडे? मेलो तरी जाणार नाही!” म्हणून तो ताटावरून उठला होता.

म्हणजे तेव्हापासूनच तिच्या तोंडी हे नाव होतं! आपण कसे इतके दूधखुळे, असं त्याला झालं.

एका दुपारी तो कचेरीतून लवकर घरी आला. मागच्या अंगणात रहाट करकरत होता. मंदाकिनी पाणी शेंदत होती, दोन्ही हातांनी. भरलेला हंडा तिने त्याच लुळ्या हाताने उचलला आणि कमरेवर घेतला. त्र्यंबक भिंतीआड थिजून उभा राहिला. हात धडधाकट होता. मग ती नौपाड्यातून बाजारातल्या दवाखान्यापर्यंत चालत कोणासाठी जात होती?

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखी मूठ धरून बसला आणि डोळ्यांत तेल घालून पाहू लागला. कळ बंद करताना डॉक्टरने मंदाकिनीकडे बघून हळूच भुवई उचलली. तिने कळेल न कळेल अशी मान हलवली. जणू सांगत होती, अजून नाही.

काय अजून नाही?

रविवारी कचेरी बंद होती. मंदाकिनी देवळात गेल्याबरोबर त्याने दौत पुढे ओढली आणि सिव्हिल सर्जन साहेबांच्या नावे अर्ज मांडला. हा डॉक्टर गृहस्थांच्या बायकांना भुलवतो, विजेच्या नावाखाली त्यांना बोलावतो, साहेबांनी त्याचा दवाखाना बंद करावा. पहिला कागद भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. खाली झोकदार सही ठोकली. हा अर्ज साहेबाकडे आणि बायको कायमची माहेरी, असं त्याने ठरवून टाकलं.

संध्याकाळी तो तिला घेऊन दवाखान्यात शिरला. खुर्चीवर बसला नाही. कागद डॉक्टरसमोर आपटले.

“वाचा! उद्या हे साहेबांच्या टेबलावर असेल. आणि तू, मंदाकिनी, सामान बांध. नाटकं पुरे झाली.”

मंदाकिनीचा चेहरा पांढरा पडला. लिनोने पहिला कागद वाचला. वाचता वाचता त्याच्या कानशिलाची शीर तटतटली. दुसऱ्या कागदावर मात्र तो वाचायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. तिसरा कागद त्याने कंदिलाजवळ धरला आणि एकसारख्या वळणाच्या ओळींवरून सावकाश बोट फिरवलं.

“हा अर्ज कोणाकडून लिहवून घेतलात?” त्याने विचारलं.

“लिहवून?” त्र्यंबक गरजला. “मी लिहिलाय! एका बैठकीत, माझ्या स्वतःच्या हाताने!”

मंदाकिनीने पदर तोंडाशी नेला. तिचे डोळे भरून वाहू लागले.

लिनोने कागदांची घडी करून त्र्यंबकच्या हातात परत दिली आणि तो तिच्याकडे वळला.

“बाई,” तो म्हणाला, “आता तुमचा हात बरा झाला तरी चालेल.”