लालच्या मागचं काळं

भगवानरावांनी राकेशला पुन्हा एकदा मारलं. खुर्ची हादरली, टपावर गारा आदळल्या आणि खोटं विमान खोट्या खंबातच्या आखातात नाकावर आपटलं.

"मेलास," मागच्या टेबलावरची कळ बंद करत ते म्हणाले. "पुढल्या जन्मी तरी रडार नीट बघ."

सुरतेतल्या त्या सरावाच्या खोलीत वादळं उठवणारे देव तेच. पाऊस त्यांचा, वीज त्यांची, मरणही त्यांचंच.

"सर, पडद्यावर लाल ढगाच्या मागं काळं दिसलं म्हणून मी लांबून वळलो," राकेश घाम पुसत म्हणाला. "जोराच्या पावसात रडारची ताकद संपते, मागचं त्याला दिसतच नाही, असं पुस्तकात आहे."

"पुस्तक जुन्या रडारचं. आपल्याकडं नवं बसवलंय, त्याला लालच्या आरपार दिसतं. काळं म्हणजे मोकळं. लालच्या कडेनं निघायचं, लगेच मागच्या काळ्यात घुसायचं. का नवागामला बापाच्या लूमवर धोटा फेकायला जातोस?"

राकेशचा हात सवयीनं पुन्हा लांबच्या वळणाकडे गेला. भगवानरावांनी हातातली लोखंडी टॉर्च त्याच्या मनगटावर हाणली. तो कळवळला, पण काळ्यात घुसला. आत निरभ्र आकाश.

"बघ. माराशिवाय तुम्हाला कळतं कुठं?"

आता खरं काय ते सांगायला हवं. नवं रडारही लालच्या मागं आंधळंच होतं. वळला की गारा आणि घुसला की निरभ्र, हा सगळा बेत भगवानरावांचा. कारण त्यांची लेक उज्ज्वला. ती आणि राकेश एकाच कंपनीत विमानं उडवत, आणि तिला लग्न करायचं होतं ते याच्याशीच. लूमवाल्याचा पोरगा, त्यात जात वेगळी. कोयत्यानं कापला तर फाशी. वादळानं कापला तर आपणच फोटोला हार घालायचा. शिवाय कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या त्या छोट्या विमानात पायलट एकटाच असे. भलत्याच कुणाचा जीव घ्यायला भगवानराव काही राक्षस नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी राकेशची भावनगरची फेरी होती. हजीऱ्याच्या धुरांड्यांपलीकडं आभाळ कुणी सुऱ्यानं फाडावं तसं फाटलं. भगवानराव कंपनीच्या ऑफिसात आले, तर वायरलेसवर बसलेल्या हिलालला त्यांच्या नजरेला नजर देववेना.

"उत्तर नाही, सर. वादळाच्या कडेनं गेलं, एकदम आत वळलं आणि पडद्यावरून ठिपकाच गेला."

भगवानरावांनी चहा मागवला. "हुशार होता हो, पण घाई नडली," हे वाक्य ते तोंडातल्या तोंडात घोळवू लागले.

दार ढकलून राकेश आत आला. हात गळ्यात बांधलेला.

"मनगटाच्या हाडाला चीर गेलीय, सर. म्हणून माझी फेरी उज्ज्वलानं घेतली," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "काळजी करू नका, तुमचा धडा तिला शिकवलाय. आधी ऐकतच नव्हती. पण म्हटलं, तुझ्या आप्पांनी सांगितलंय. मग लगेच मानलं."