सहावा स्विच

चौथा स्विच थोरल्याने फळीवरून उपटला आणि जमिनीवर आपटला, तेव्हा दुकानदाराने ओरडणं सोडून दिलं. ऐकणारं कोणी नव्हतं. धक्क्यावरचे सगळे दुपारच्या जेवणाला गेले होते. थोरल्याच्या उजव्या हातात वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर होता आणि डोळे असे, की समोर सख्खा मामा उभा असता तरी ओळखला नसता.

भिंतीवरच्या लाकडी फळीवर होडीच्या बॅटरीचे सहा स्विच नमुन्याला लावलेले होते. सगळे एकाच कामाचे. लाल किल्ली खाचेतून काढून घेतली की बॅटरीचा करंट तुटतो, आणि मग कोणी कितीही स्टार्टर दाबला तरी इंजिन हलत नाही. दोघा भावांच्या होडीवर त्यासाठी एक नियम होता. इंजिनाच्या खणात जो उतरेल त्याने किल्ली काढून आपल्या खिशात घालायची. तीन महिन्यांपूर्वी धाकटा पट्टा घट्ट करायला खाली उतरला, तेव्हा किल्ली त्याच्या खिशातच होती. तरी इंजिन फिरलं. पट्ट्याने त्याचा उजवा हात आत ओढला. दवाखान्यात मनगटापासून कापावा लागला. रक्ताने भिजलेल्या शर्टाच्या खिशात लाल किल्ली सापडली.

थोरल्याने तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगितलं होतं. स्टार्टरला चुकून आपलं कोपर लागलं आणि स्विच आतून चिकटलेला निघाला. दुकानदाराने भंगार माल गळ्यात मारला. तो स्विच त्याने रागाच्या भरात त्याच दिवशी समुद्रात भिरकावला होता, त्यामुळे तपासून बघायची सोयच राहिली नव्हती. दुकानदाराची मात्र गावभर छी-थू झाली. तीस वर्षांची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली.

आणि आज धाकट्याने सकाळी उठून सांगितलं होतं, की उद्यापासून मी होडीवर येणार, खाली उतरायला डावा हात पुरे आहे.

थोरला पाचव्या स्विचकडे वळला. दुकानदार साठीचा, हाडं आणि चष्मा एवढाच ऐवज, पण मालावर जीव. तो मध्ये पडला. थोरल्याने त्याला एका हाताने ढकललं. तो ऑइलच्या डब्यांवर जाऊन आदळला, डबे गडगडले, चष्मा गेला, ओठ फाटला. एरवी थोरला त्याला काका म्हणायचा.

"तू उठू नकोस," थोरला म्हणाला. "उठलास तर डोकं फोडीन."

दुकानदार तिथेच बसून राहिला. रक्त गिळत तो बघत होता, कारण बघण्याशिवाय त्याच्या हातात काही नव्हतं. थोरल्याने पाचव्या स्विचच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक तिरकं घातलं, कडेची धातूची पत्री अंगठ्याने दाबली, मनगटाला हलका झटका दिला. खट आवाज झाला. स्विच किल्लीवाचून चालू झाला. थोरल्याने शिवी हासडली आणि पाचवाही उपटून भिंतीवर फेकला.

राहिला सहावा. तो जाड होता, किल्लीच्या खाचेवर पोलादी झाकण आणि त्याला स्वतःचं कुलूप. थोरल्याने जोर लावला. मग दोन्ही हातांनी लावला. मग खांदा टेकवून, दात खाऊन लावला. स्क्रूड्रायव्हर सटकला आणि त्याच्याच डाव्या तळहातात घुसला. रक्ताची धार कोपरापर्यंत आली. त्याने तो उपसून काढला, हात झटकला, आणि त्या बंद स्विचकडे बघत हुंदका दिल्यासारखा हसला. तीन महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुकानदाराला तेव्हा कळलं. त्याचीही भीती गेली.

"पत्री अंगठ्याने दाबायची आणि टोक तिरकं घालायचं," तो जमिनीवरून म्हणाला. "ही हातोटी एका दिवसात येत नाही. किल्ली शोधायचा कंटाळा आला की दर वेळी असंच करायचास ना?"

 स्क्रूड्रायव्हर उगारून थोरला असा धावला, की दुकानदाराने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"दादा."

धाकटा दारात उभा होता. उजवी बाही मनगटाजवळ दुमडून पिनेने अडकवलेली. तो फुटक्या तुकड्यांवरून सावकाश आत आला, वाकून दुकानदाराला डावा हात दिला आणि उभं केलं. चष्मा शोधून दिला. एक काच शाबूत होती. मग त्याने फळीवरच्या सहाव्या स्विचचं कुलूप ओढून पाहिलं, खाचेवरच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"हाच बसवू," तो म्हणाला. "आणि स्क्रूड्रायव्हर काकांकडे ठेव. त्या दिवशी खालून मला तोच दिसला होता. मी हाक मारेपर्यंत तू फिरवलाही होतास."