ढोलावरचे वाटाणे

त्या लांबलेल्या युद्धात आधी डेन्मार्कचं सैन्य उतरलं, मग आपल्याच सम्राटाचं आलं. आता स्वीडनचं समुद्रातून येणार, असं पोमेरानियाच्या किनाऱ्यावर जो तो म्हणत होता. म्हणून आग्नेटाने चुलीपाशी जमिनीवर ढोल ठेवला होता आणि त्यावर सुके वाटाणे. घोडदळ कोसभर लांब असलं तरी वाटाणे थरथरत. ते थरथरले की दलदलीत पळायचं.

भर दुपारी वाटाणे उडू लागले.

"काही दिसतंय का हो?" तिने अंगणातून ओरडून विचारलं.

"ना माणूस, ना शीड!" शेजारच्या घंटाघरावरून नवरा योखिम म्हणाला. "तुझ्या वाटाण्यांनाच पळायची घाई झालीय!"

लेक इल्झे खाटेवर होती, दिवस भरलेली. उगाच हलवलं तर ती दगावेल. नाही हलवलं आणि सैनिक आले, तर?

आग्नेटाने ढोल जमिनीवरून उचलून पोटाशी धरला.

वाटाणे थांबले नाहीत.

दाराशी नेल्यावर मंदावले. खाटेजवळ आणल्यावर सगळे एकदम उडू लागले, एकदम पडू लागले, कवायतीत पावलं पडावीत तसे.

"आई," पोटावर हात ठेवून इल्झेने हळूच विचारलं, "किती जण आहेत गं?"