सकाळची साखळी

येन्सन यांचा फोन पुन्हा एंगेज लागला.

कुंदा मच्याडोने रिसीव्हर ठेवला. रविवार होता. मिशनच्या रेडिओ स्टेशनात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, दक्षिणेतल्या मोठ्या स्टेशनवरून यायची, ती आपोआप प्रसारित व्हायची. बाहेर वारा बांधावरून सरळ खिडकीवर येत होता.

पाच मिनिटं थांबून तिने परत नंबर फिरवला. एंगेज.

येन्सन म्हातारे होते. फोनवर चार शब्दांच्या वर बोलत नसत. "मॉइन," हा इकडचा नमस्कार, मग "ठीक आहे. पुढे कळवतो." एवढंच. असा माणूस इतका वेळ कोणाशी बोलणार? रिसीव्हर खाली पडला असेल. किंवा माणूसच.

कुंदा मूळची वसईची. नवरा, कुमार, बॉनला टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता. शरद ऋतूत तो गेला आणि जानेवारीत ती इथे, जर्मनीच्या उत्तरेला डेन्मार्कच्या सीमेजवळ, स्वयंसेवक म्हणून आली. स्टुडिओच्या वर एक खोली, खाली काम. रोझरीच्या जपाच्या रेकॉर्डिंगमधले खोकले कापायचे, सीडी पाकिटांत भरायच्या.

आणि सकाळची साखळी. ती कुंदा आल्यानंतरच फादर क्लाउसनी सुरू केली होती. या भागात कॅथलिक थोडे, तेही विखुरलेले. एकट्या माणसाला घरात काही झालं तर कळायचं कसं? म्हणून रोज आठ वाजता कुंदाने येन्सनना फोन करायचा, येन्सननी पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. शेवटच्या फ्राऊ लोरेन्झेन कुंदाला फोन करायच्या. साखळी पूर्ण झाली, म्हणजे सगळे सुखरूप. कोणाचा फोन आला नाही, तर तपास करायचा.

"पण कोणाच्या घरी जायचं नाही," फादरनी बजावलं होतं. "फक्त आवाज. आमच्या लोकांना कीव सहन होत नाही."

फ्राऊ लोरेन्झेन मात्र बोलक्या. झोप लागली का, हीटर नीट चालतोय का, काल काय जेवलात, सगळं विचारायच्या. त्यांच्या मागे कपबशा वाजायच्या. बिचारी अजून नवऱ्याचा कप मांडत असेल, असं कुंदाला वाटे. मग ती संभाषण मुद्दाम लांबवायची. आदल्या दिवशीची मासळीची आमटी तिखटासकट वर्णन करून सांगायची.

काल संध्याकाळी वाल्डॉर्फहून मुलीचा, संध्याचा फोन आला होता.

"आई, पुरे झालं आता. इथे तुझी खोली तयार आहे. आम्ही शुक्रवारी गाडी घेऊन येतो."

"येईन गं. पण सकाळचा फोन कोण करणार?"

"फादर करतील."

"त्यांना तीन गावांच्या मिस्सा असतात."

"म्हणजे नातवापेक्षा ती आठ म्हातारी जवळची?"

"नातवाला तू आहेस. त्यांना कोण आहे?"

संध्याने सुस्कारा टाकला. "रुद्र, आजीशी बोल. मराठीत."

"हालो, ओमा," रुद्र जर्मनमध्येच म्हणाला आणि पळाला.

"ऐकलंस? हे असं आहे," संध्या म्हणाली. "तू आलीस तर निदान चार शब्द शिकेल. विचार कर आणि उद्या सांग."

कुंदाने विचार करून ठेवला होता. नाही म्हणायचं.

तिने फादरना मोबाइलवर फोन केला. बंद होता. मिस्सा चालू असणार. येन्सन यांच्या नंबरखाली पत्ता होता, डाइखवेग चार. तिने कोट चढवला, कानटोपी ओढली आणि सायकल काढली.

वारा समोरून होता. चर्चच्या कोपऱ्यावर तिने दम घ्यायला पाय टेकवला आणि मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते तासभर पुढे होतं.

मग तिला उमगलं. मार्चचा शेवटचा रविवार. काल रात्री उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायची होती. बॉनच्या घरी ते काम कुमारचं असे. स्टुलावर चढून तो एकेक घड्याळ फिरवायचा आणि "तुझा एक तास चोरला," म्हणायचा. तिने ते कधीच केलं नव्हतं.

म्हणजे साखळी तिच्याकडूनच तुटली होती. येन्सन आठपासून वाट पाहत बसले असतील. वर तिच्या खोलीत खालची घंटा ऐकूही येत नाही. म्हातारा घाबरून उठला असेल, जिन्यावरून पडला असेल. तिने इतक्या जोरात पेडल मारलं की चेन कुरकुरली. "देवा, एवढा एक दिवस," ती मोठ्याने म्हणाली. रस्त्यावर ऐकायला कोणी नव्हतं.

चार नंबरचं घर लाल विटांचं, लांबलचक होतं. दारावर घंटेचं एकच बटण होतं. त्याच्या शेजारी नावांच्या पट्ट्या होत्या. सगळ्यात वर येन्सन. सगळ्यात खाली लोरेन्झेन. मध्ये सहा नावं. ती नावं कुंदाला फादरनी पहिल्या दिवशी पाठ करून घेतली होती, याच क्रमाने.

तिचा हात बटणापर्यंत जाऊन थांबला.

बाजूच्या खिडकीची फट उघडी होती. आत स्वयंपाकघरात एका लांब टेबलाभोवती म्हातारी माणसं बसली होती. पाव कापलेला होता, कॉफी ओतलेली होती, पण कोणी खात नव्हतं. एक बारीक बाई रुमाल तोंडावर धरून म्हणत होती, "काल हीटरबद्दल विचारायचं राहिलंच माझं." तो आवाज कुंदा रोज ऐकत असे. भिंतीपाशी एक उंच म्हातारा फोनवर ओरडत होता.

"अजून निघाला नाहीत? अहो, तासाभरापासून सांगतोय, रेडिओ स्टेशनच्या वरची खोली. हो, एकटीच राहते. तिच्यासाठीच तर ही साखळी काढलीय आम्ही. किल्लीची वाट बघू नका, दार फोडा."