पाचची बोट

कॉर्क स्टेशनच्या स्वच्छतागृहात कॉन लूनीने पिवळी टोपी डोक्यावर दाबली, काळा चष्मा चढवला आणि सहलीच्या बोटीवरच्या प्रवाशांच्या गळ्यात असतो तसला निळा पट्टा आपल्या गळ्यात अडकवला. पट्ट्याचं कार्ड मॅलो गावच्या वाचनालयाचं होतं. ते त्याने उलटं फिरवलं. आरशात आता ओहायोचा वॉल्टर उभा होता. बावळट दिसत होता, म्हणजे सोंग नीट जमलं होतं.

बोटीवरच्या लोकांबद्दल कॉनला काडीचा आदर नव्हता. बोट कोव्हच्या धक्क्याला लागली की निम्मे मेंढरांसारखे बसमध्ये कोंबून किल्ला बघायला जात. उरलेले ‘आम्ही आपले आपण फिरतो’ म्हणत आगगाडीने कॉर्कला येत आणि नकाशा उलटा धरून नदीच्या भलत्याच काठाला लागत. कॉन या दुसऱ्यांत मिसळत असे. एकट्या माणसाला तिथे कोणी काही विचारत नाही.

आज मात्र रस्त्यावर एकही नकाशा दिसेना. वारा असा सुटला होता की टोपी हाताने धरावी लागत होती. चार थेंब पडले की हे लाडावलेले लोक बोटीतच पुडिंग खात बसणार, कॉन मनात म्हणाला आणि बाजाराकडे वळला.

बाजारात त्याच्या बापाचं मांसाचं दुकान होतं. आता ते थोरला भाऊ फिनबार चालवत होता. आई गेली तेव्हा मसाल्यात मुरवलेल्या गोमांसाची कृती ती एकट्या फिनबारच्या कानात सांगून गेली. कॉनच्या ते फार जिव्हारी लागलं. भर बाजारात, सगळ्यांसमोर तो ओरडला होता, “या दुकानाची पायरी पुन्हा चढलो तर नाव बदलीन!” त्याला आता बारा वर्षं झाली होती.

पण ती चव जगात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हती. मान सोडवत नव्हता आणि मांसही सुटत नव्हतं. मग त्याने खरोखरच नाव बदललं. बोट आली की वॉल्टर येई, फिनबार पाहुण्यांना देतो तसा चवीपुरता तुकडा खाई आणि जाई. सख्ख्या भावाला ओळखत नाही, गाढव कुठला, असं म्हणत कॉन दर वेळी खुशीत मॅलोला परते. आजची या मोसमातली शेवटची बोट होती. आजचा तुकडा चुकला तर एप्रिलपर्यंत उपास, आणि ओळखलं गेलं तर बारा वर्षांचा ताठा मातीत.

“कुठल्या बोटीवरनं आलात, राजा?” मासेवाल्या नोरीनने विचारलं. तिचं दुकान फिनबारच्या समोरच होतं.

“ती मोठी पांढरी,” कॉन नाकातून म्हणाला.

नोरीन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग बांगड्यांच्या पेटीत वाकली आणि बराच वेळ खोकली. “फिनबार, तुझे बोटीवरचे पाहुणे आले बघ रे.”

फिनबारने मान वर केली. त्याच्या डोक्यावर दुकानाची जुनीच पाटी होती, ‘लूनी आणि मुलगे’. एक मुलगा गेला तरी पाटी रंगवायचा खर्च याच्या जिवावर येतो, कॉनच्या मनात आलं.

“या साहेब. एवढ्या वाऱ्यात आलात?”

“वारा? आम्हाला नाही जाणवला.”

“बोट मोठी असेल.”

“चौदा मजली.”

“बाप रे. आणि रात्री समुद्र कसा होता?”

“एकदम शांत. कपातला चहा हलला नाही.”

छपराची काच वाऱ्याने खडखडली. फिनबारने वर पाहिलं, मग सुरीला धार लावू लागला. “कप्तान हुशार दिसतोय. जपा त्याला.”

त्याने गोमांसाचा कडेचा तुकडा कापून पुढे केला. काळा, चिवट, मसाल्याचा थर बसलेला. नेहमी कडेचाच देतो, परक्यांच्या माथी उरलंसुरलं मारतो, हलकट. लहानपणी याच कडेसाठी कॉन भोकाड पसरायचा, हे या ठोंब्याला कुठलं आठवायला?

कॉनने तुकडा तोंडात टाकला. लवंग, मिरी, आणि मागून येणारं ते काहीतरी, ज्याचं नाव आई त्याला सांगून गेली नव्हती. काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे भरून आले. त्याला आईची आठवण आली आणि फिनबारचा भयंकर राग आला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे याहून बरं मिळतं.”

“मिळत असेल. अजून एक घ्या.”

दुसराही कडेचाच होता. कॉनने तोही संपवला, बोटंही चाटली.

“आता एप्रिलपर्यंत बोट नाही,” फिनबार म्हणाला.

“मला काय त्याचं? मी ओहायोत असणार.” आवाज जरा घोगरा आला, म्हणून त्याने पुन्हा नाकातून सांगितलं, “ओहायोत.”

“हिवाळा मोठा असतो पण,” फिनबार म्हणाला. त्याने एक भला मोठा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि दोरी बांधली.

“मी मागितलं नव्हतं.”

“मला माहीत आहे.”

समोर नोरीनचा सुरा थांबला होता. शेजारचा अंडीवालाही इकडेच बघत होता. या लोकांना पाहुण्यांकडे टक लावून बघू नये एवढीसुद्धा रीत नाही, असं म्हणत कॉनने पुडकं काखेत मारलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“निघतो. पाचची बोट आहे.”

फिनबारने हात पुसले आणि दुकानात आत जायच्या वाटेवरची आडवी फळी वर उचलून धरली.

“आज बोट आलीच नाही, कॉन,” तो म्हणाला. “वादळामुळे पहाटेच बाहेरच्या बाहेर निघून गेली. आत ये, चहा झालाय.”