रिकामी चौकट

सरकारी कंट्रोल रूममध्ये बसून बायकोवर नजर ठेवणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी रोज चार वाजता मी बाळकुम नाक्यावरचा कॅमेरा उघडायचो. भावना तेव्हा भाजीला येते.

स्क्रीनवर प्रत्येक चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटते. सोमवारी भावनाच्या शेजारी आणखी एक उमटली. त्या चौकटीत कोणीच नव्हतं. पण ती पुरुषाच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती, माझ्याहून वीतभर वर. भावना त्या चौकटीकडे वळून हसली. माझ्याशी ती अशी कधीच हसलेली नाही.

घरी मी विचारलं, "नाक्यावर कोण होतं गं सोबत?"

"एकटीच गेलेले. तुला कोणी सांगितलं?"

मी रात्रभर जळत राहिलो. मंगळवारी ती चौकट पुन्हा दिसताच मी तिच्यावर 'संशयित' असा शिक्का मारला. असा शिक्का बसला की चौकट लाल होते आणि शहरातला प्रत्येक कॅमेरा तिला शोधत राहतो.

बुधवारी भावना एकटीच आली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती थांबली आणि थेट कॅमेऱ्यात बघून तशीच हसली.

"सुदेश," शेजारच्या खुर्चीतला प्रितम हळूच म्हणाला, "आपल्या रूमच्या कॅमेऱ्यात बघ. तुझ्या मागे लाल चौकट आलीय."