पोटॅशियमचा शेवटचा ठिपका

एकोणिसावा अणू संगणकाच्या पडद्यावर उमटला तेव्हा सत्यभामाबाईंनी चष्मा पुसला आणि बोट लावून पुन्हा मोजलं. आतल्या वर्तुळावर दोन ठिपके, मधल्यावर आठ, बाहेरच्यावर नऊ.

"पोटॅशियम चुकलं," त्या म्हणाल्या.

पौर्णिमाने मान वर केली. ती अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिची आई जमुना दर्यापूरच्या शाळेत बाईंच्या हाताखाली शिकलेली. त्या ओळखीनंच पौर्णिमा दिवाळीच्या सुट्टीत बाईंच्या जुन्या टिपणांची पुस्तिका तयार करून द्यायला बसली होती. तालुक्यातल्या शाळांना ती फुकट वाटायची होती. अकोल्याच्या छापखानेवाल्या जीवनचा सकाळीच फोन येऊन गेला होता. चारपर्यंत फाईल मिळाली तर बरं, पुढं लग्नपत्रिकांची गर्दी.

बाईंना ही नवी रीत दोनच दिवसांत आवडली होती. पौर्णिमा चित्र काढतच नव्हती, ओळी लिहीत होती. वर्तुळाची त्रिज्या किती, त्यावर ठिपके किती, एवढं अक्षरा-आकड्यांत सांगितलं की आकृती उमटायची. रेघ वाकडी जायचा प्रश्नच नाही. बाईंनी उभा जन्म ही वर्तुळं बांगड्या ठेवून काढली होती. आतलं तान्ह्या पोरीच्या बांगडीनं, मधलं शाळकरी पोरीच्या, बाहेरचं स्वतःच्या. चौथं लागलंच तर डब्याचं झाकण.

"मी ठिपके एकेक करून नाई टाकले, बाई," पौर्णिमा म्हणाली. "नियम सांगून देला त्याले. पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. वीसही अणू तोच भरते."

"तिसऱ्यात अठरा मावतात. पण सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाच्या वर राहत नाई. उरलेला एक चौथ्यात जाते. हे कोण सांगन त्याले?"

पौर्णिमाने कपाळाला हात लावला. वर्गात ती हे दरवर्षी शिकवायची, आणि ओळ लिहिताना नेमकं विसरली होती. ती दुरुस्त करायला वळली, तेव्हा बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. दोन, आठ, अठराचं सूत्र तोंडपाठ, आणि नववीला तेवढंच शिकवलेलं. चाचणीत एका मुलीनं पोटॅशियमचा शेवटचा ठिपका चौथ्या वर्तुळावर काढला, तर बाईंनी त्यावर लाल फुली मारली. पुढच्या वर्षी नव्या वर्गासाठी पुस्तक उघडलं तेव्हा चूक कळली. तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती. नंतर ती कितीदा भेटली, लग्नकार्यात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात. दर वेळी सांगायचं राहून गेलं.

"तुई आईच ते," बाई म्हणाल्या. "फोन लाव तिले."

जमुना मोर्शीला होती. वावरात संत्र्याची तोड चालली होती, मागं क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. बाईंनी सगळं नीट सांगितलं, धडा शिकवावा तसं, कुठंही न अडखळता.

"आठवते नं बाई," जमुना म्हणाली. "एक मार्क गेल्ता माया."

"मंग तवाच बोलली काहून नाई तू?"

"बोलली होती. तुमी मले बाकावर उभं केलं."

लाल फुली बाईंना इतकी वर्षं आठवत होती, शाईच्या रंगासकट. बाक कुठंच आठवत नव्हता. तिकडं जमुना कुणाला तरी दबलेली संत्री बाजूला ठेवायला सांगत होती. मग ती हसून म्हणाली, की जाऊ द्या बाई, जमाना झाला त्याले, पुस्तक निघालं की एक मले पाठवजा. फोन ठेवला.

पौर्णिमाने नियमाची ओळ बदलली. तिसऱ्या वर्तुळावर आठच ठिपके राहिले, आणि नववा चौथ्या वर्तुळावर एकटा जाऊन बसला. बाईंना बरं वाटावं म्हणून तिनं त्या ओळीपुढं टक्क्याची खूण टाकली आणि पुढं लिहिलं: जमुनाने ही आकृती बरोबर काढली होती, तपासणारीची चूक होती.

"हे कोणत्या पानावर येईन?" बाईंनी विचारलं.

"नाई येत, बाई. टक्क्याच्या पुढचं छापतच नाई ते. फक्त लिहिणाऱ्यासाठी राह्यते."

साडेतीन वाजले होते. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते खूण काढून टाक," त्या म्हणाल्या. "आकृतीच्या खाली घे सगळं. सालही टाक."

"पुस्तकावर तुमचं नाव हाय, बाई. पोरं हसतीन."

"हसू दे."

पौर्णिमाने वाक्य आकृतीखाली नेलं. एकोणीसशे एक्क्याऐंशी साल टाकलं. मग तिनं विचारलं, की आईचं नाव आताचं टाकू का माहेरचं.

"हजेरीतलं टाक. जमुना मोतीराम गावंडे, नववी ब." नाव घेताना बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा लागला. मग खाली आला. "आन् बाकाचंही लिही."